गेलेला पाथ परत आलाच नव्हता

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर देत होता, आणि त्यामुळेच मी पहिली पाच मिनिटं फुकट घालवली. पिंग येतंय म्हणजे जिवंत आहे, असं डोकं म्हणत होतं. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, केलं की जोडणी व्हायची आणि पुढे काहीच नाही. ना प्रॉम्प्ट, ना एरर, नुसता लुकलुकणारा कर्सर. शेजारच्या खुर्चीवर आमच्या टीममधला सगळ्यात लहान पोरगा बाकीच्या सर्व्हरांवर तेच करून बघत होता.

"मॅडम, तीनपण लटकलाय." थोड्या वेळाने, "पाचपण." आणि मग जरा गोंधळलेल्या आवाजात, "पण चार चालतोय. सहाही चालतोय."

एक, तीन, पाच, सात लटकलेले. दोन, चार, सहा ठणठणीत. सर्व्हर बिघडायला लागले तर ते रांगेतले विषम आकडे निवडून बिघडत नाहीत. एवढी सुबक पडझड म्हणजे ती आपल्याच हातची असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमधून एका बँकेच्या सर्व्हरांचं काम बघते. मशीन आयबीएमचं पॉवर ९, एस९२४ मॉडेल. रॅकमध्ये चार यू जागा घेणाऱ्या त्या एका डब्यात एआयएक्स या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे आमचे सात सर्व्हर राहतात. आमच्या भाषेत सात एलपार, एकाच मशीनचे पाडलेले सात भाग. यातल्या एकाही एलपारकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड नाही की स्टोरेजला जोडणारं फायबर कार्ड नाही. सगळी कार्डं व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हरच्या, म्हणजे व्हीआयओच्या ताब्यात. तोही आतून एआयएक्सच, पण त्याचं काम एकच: खरी कार्डं स्वतःकडे ठेवायची आणि बाकीच्यांना त्यातून पाणी सोडायचं. आधीच्या जुन्या मशीनवर असा एकच व्हीआयओ होता. एका विहिरीवर सगळं गाव. विहीर उपसायची तर गावाने तहानलेलं राहायचं. व्हीआयओला साधा पॅच मारायचा म्हटलं तरी सातही सर्व्हर बंद, बँकेतल्या पाच जणांच्या परवानग्या, आणि आमचा रविवार गेला.

म्हणून नवीन मशीन आलं तेव्हा ठरलं की व्हीआयओ दोन ठेवायचे. प्रत्येक एलपारला डिस्क दोन्हींकडून, नेटवर्क दोन्हींकडून. एक पडला तर दुसरा सांभाळेल. ही कल्पना काही नवी नाही, व्हीआयओ २००४ मध्ये पॉवर ५ बरोबर आला तेव्हापासून लोक अशी जोडी लावत आले आहेत. मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच लावत होते.

हार्डवेअरचा भाग सरळ होता. मशीनच्या पोटातल्या बारा डिस्कच्या जागा सहा-सहा अशा दोन कंट्रोलरमध्ये विभागून मागवल्या होत्या, त्यामुळे दोन्ही व्हीआयओंना बूट व्हायला आपापली डिस्क. नेटवर्क आणि फायबर कार्डं दोघांत वाटली. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एक्सेलच्या एका शीटला. व्हर्च्युअल अडॅप्टरला स्लॉट नंबर द्यावा लागतो. घाईत लोक एचएमसी, म्हणजे मशीन सांभाळायचा कन्सोल, सुचवेल तो पुढचा नंबर घेतात आणि सहा महिन्यांनी कुणाचं काय हे कुणालाच सांगता येत नाही. मी नियम केला: पहिल्या व्हीआयओकडून येणारं सगळं शंभरच्या घरात, दुसऱ्याकडून येणारं दोनशेच्या. तीन नंबरच्या एलपारची डिस्क पहिल्याकडून १०३ वर, दुसऱ्याकडून २०३ वर. आमचे सर हसले होते, "लग्नाच्या पंगतीची यादी करतेस का?" म्हणाले. पण त्या रात्री त्या शीटनेच लाज राखली.

नेटवर्क लावताना पहिला दणका बसला. दोन्ही व्हीआयओंवर शेअर्ड इथरनेट अडॅप्टर बनवायचा असतो. एका बाजूला खरी वायर, दुसऱ्या बाजूला मशीनच्या आतलं व्हर्च्युअल नेटवर्क, आणि मध्ये हा पूल. दोन व्हीआयओंवर एकाच व्हीलॅनसाठी, म्हणजे नेटवर्कच्या एकाच वेगळ्या काढलेल्या भागासाठी, दोन पूल झाले की त्यांच्यात ठरलेलं असावं लागतं की आत्ता कोण वाहतूक सोडणार आणि कोण नुसता बसून राहणार. त्यासाठी ट्रंक प्रायॉरिटी एकाची एक, दुसऱ्याची दोन, आणि एचए मोड, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने घ्यायची सोय, ऑटो. पहिल्या व्हीआयओवर मी हे नीट केलं. दुसऱ्यावर कमांड टाकताना एचए मोडचा तुकडा राहिला. एंटर मारलं आणि दोन्ही पूल एकदम खुले. बाहेरच्या स्विचमधून आलेलं पॅकेट एका पुलाने आत, दुसऱ्या पुलाने परत बाहेर, पुन्हा स्विचमध्ये, पुन्हा आत.

अर्ध्या मिनिटात नेटवर्कवाल्याचा फोन. "मॅडम, तुमच्या मशीनचे पोर्ट एरर-डिसेबल झालेत. काय केलंत?" स्विचने स्वतःच पाठवलेला बीपीडीयू, म्हणजे नेटवर्कमधला फेरा ओळखायचं पॅकेट, स्वतःकडेच परत आलेला पाहिला आणि दोर कापून टाकला. असं पॅकेट आत आलं की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावलेला होता म्हणून निभावलं. नसता तर त्या व्हीलॅनमधल्या सगळ्यांचीच दाणादाण उडाली असती. मशीन अजून रिकामं होतं, एक टेस्टचा एलपार सोडला तर कुणाचं काही अडलं नाही. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "होतं मॅडम, आमच्याकडे सगळेच एकदा करतात." एकदा केलं.

आमच्या टीममधल्या त्या लहान पोराने नंतर एक मोलाची गोष्ट लक्षात आणून दिली. पहिला व्हीआयओ बंद केला की नेटवर्क दुसऱ्याकडे जायचं, दोन-तीन पिंग चुकायचे, बस्स. पण पहिला परत आला की ऑटो मोडमध्ये तो आपली गादी लगेच परत घेतो, आणि तेव्हा तब्बल तीस सेकंद पिंग बंद! जाताना दोन सेकंद आणि येताना तीस, हे उलटं वाटत होतं. कारण स्विचच्या बाजूला होतं. पोर्ट नव्याने उठला की स्पॅनिंग ट्री, म्हणजे फेरा टाळायची स्विचची पद्धत, आधी कानोसा घेतं, मग शिकतं, आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद लावून मगच वाहतूक सोडतं. इकडे व्हीआयओला वायर लागलेली दिसते, म्हणून त्याने कारभार हातात घेतलेला असतो. ही वाट बघणं गाळणारं पोर्टफास्ट लावल्यावर ते तीस सेकंद गेले. गेलेली बाजू परत येते तेव्हाच गडबड होते, ही गोष्ट मला तिथे दिसली होती. पण ती मी नेटवर्कच्या खात्यात टाकली आणि तिथेच ठेवली.

डिस्कच्या खात्यात मला आत्मविश्वास होता. एलपारची बूट डिस्क, म्हणजे रूटव्हीजी, आम्ही व्हीस्कझीने, म्हणजे व्हीआयओमार्फतच्या व्हर्च्युअल डिस्क जोडणीने, दिली. स्टोरेजमधला एकच लन, म्हणजे तिथून कापून दिलेली डिस्क, दोन्ही व्हीआयओंना दिसतो आणि दोघेही तोच एलपारला पुढे देतात. यात रिझर्व्ह पॉलिसी बदलावी लागते. मुळात जो व्हीआयओ डिस्क आधी उघडेल तो तिच्यावर कुलूप लावून बसतो. नो-रिझर्व्ह केलं की दोघांना चालते. डेटाबेसच्या डिस्क एनपीआयव्हीने दिल्या, त्यात व्हीआयओ फक्त फायबर कार्ड वापरू देतो आणि लन थेट एलपारलाच दिसतो. एलपारच्या आत मग बूट डिस्कला दोन पाथ, म्हणजे तिच्याकडे जायचे दोन रस्ते, दिसतात, व्हीस्कझी शून्य आणि व्हीस्कझी एक. काम एकावरून चालतं, तो तुटला की दुसऱ्यावरून. सगळा भार एकाच व्हीआयओवर नको म्हणून मी पाथची प्रायॉरिटी वाटून दिली: विषम नंबरचे एलपार पहिल्या व्हीआयओकडून, सम नंबरचे दुसऱ्याकडून.

मग चाचणी. शनिवारी पहिला व्हीआयओ बंद केला. सातही एलपार चालू, डेटाबेस चालू, बँकेचे साहेब स्वतः बसून बघत होते. रविवारी सकाळी डेटाबेसवाल्यांचा काही पॅच होता, त्यासाठी सगळे एलपार रीबूट झाले. दुपारी दुसरा व्हीआयओ बंद केला. सातही चालू. कागदावर सह्या झाल्या, साहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवला. मधल्या त्या रीबूटकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

आठ महिन्यांनी व्हीआयओ अपडेट करायची वेळ आली. ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप केला, तो दिवस. यावेळी बँक बंद करायची नाही, परवानगीचा एकच मेल. साडेअकराला पहिल्या व्हीआयओचं अपडेट, रीबूट, तो बाराच्या सुमारास परत आला. नेटवर्क त्याच्याकडे परत गेलं. व्हीआयओवर मॅपिंग तपासलं, सगळं जागच्या जागी. एनपीआयव्हीचे सगळे लॉग्ड-इन. चहा झाला. दुसऱ्याचं अपडेट चढवलं आणि दोन वाजता तो रीबूटला टाकला. दोन वाजून पाच मिनिटांनी बँकेच्या ऑपरेटरचा फोन, "मॅडम, डे-एंड पुढे सरकत नाहीये." बँकेचं दिवसअखेरचं काम अडकलं होतं.

रूटव्हीजी हातातून गेलेला एआयएक्स एकदम मरत नाही. मेमरीत जे आहे ते चालू राहतं. पिंगला उत्तर द्यायला डिस्क लागत नाही. पण लॉगिनला शेल लागतो, शेल डिस्कवर, आणि डिस्क नाही. तो लॉगमध्ये तक्रारही लिहू शकत नाही, कारण लॉगसुद्धा त्याच डिस्कवर. एखादा माणूस डोळे उघडे ठेवून बसलाय आणि हाकेला ओ देतोय, पण उठ म्हटलं तर उठत नाही, तसं.

पोराला म्हटलं, चारवर शिरून एलएसपाथ, म्हणजे पाथची स्थिती दाखवणारी कमांड, नको, आधी शीट उघड. शीटमध्ये विषम सगळे पहिल्या व्हीआयओचे. म्हणजे लटकलेले सगळे त्या व्हीआयओचे, जो दोन तासांपूर्वीच व्यवस्थित परत आला होता! आणि जो आत्ता बंद होता, त्याचे एलपार मात्र मजेत. माझं डोकं चालेना. उलटं असतं तर समजलं असतं.

मग चार नंबरवर एलएसपाथ मारला. व्हीस्कझी शून्य एनेबल्ड, व्हीस्कझी एक फेल्ड. बरोबरच, दुसरा व्हीआयओ बंद आहे. दोन वाजून वीस मिनिटांनी तो उठला. मी पुन्हा एलएसपाथ मारला. फेल्ड. एक मिनिट थांबून पुन्हा. फेल्ड. व्हीआयओ उठून पाच मिनिटं झाली, त्याच्या बाजूने मॅपिंग ठीक, आणि एलपार म्हणतोय पाथ फेल्ड. मी डिस्कचे गुणधर्म काढले, आणि यादीत खाली तो दिसला. हेल्थ चेक इंटरव्हल, म्हणजे तुटलेला पाथ परत आला का हे दर किती सेकंदांनी बघायचं, शून्य.

शून्य म्हणजे दर शून्य सेकंदांनी नव्हे. शून्य म्हणजे कधीच नाही. व्हीस्कझी डिस्कला ही किंमत मुळात शून्यच असते, ती आपण बदलायची असते. मी मुलुंडला राहते, रोज ऐरोलीच्या पुलावरून येते. समजा तो पूल बंद झाला आणि मी वाशीवरून यायला लागले. तासाभरात ऐरोलीचा पूल सुरू झाला, पण मी परत कधी बघायलाच गेले नाही. माझ्या लेखी तो बंदच. आता उद्या वाशीचा पूल बंद झाला तर मी घरीच बसणार, ऐरोलीचा उघडा असूनसुद्धा. विषम एलपारांचं नेमकं हेच झालं होतं. साडेअकराला त्यांचा पाथ तुटला, ते दुसऱ्या व्हीआयओवर गेले, पहिला परत आला ते कुणी त्यांना सांगितलं नाही. दोन वाजता दुसराही गेला. सम एलपारांचं काम पहिल्या पाथवरून चालतच नव्हतं, त्यामुळे तो गेला-आला हे त्यांना कळलंही नाही आणि त्यांच्या लेखी तो शाबूत राहिला. दोन वाजता गरज पडली तेव्हा उपयोगी पडला.

आणि आठ महिन्यांपूर्वीची चाचणी? शनिवार आणि रविवारच्या मध्ये सगळे एलपार रीबूट झाले होते. रीबूटमध्ये पाथ नव्याने शोधले जातात, मेलेले सगळे जिवंत होतात. त्या पॅचमुळे माझी चाचणी पास झाली होती. चाचणी एकेकाच्या जाण्याची केली, येण्याची केलीच नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण मी शीत बघितलं एका पातेल्यातलं आणि भात दुसऱ्याच चुलीवर होता.

चारही लटकलेले एलपार एचएमसीवरून जबरदस्तीने उठवले. बँकेच्या साहेबांना फोनवर मी सांगितलं, "सर, चूक आमची आहे, सेटिंग राहिलं होतं. डे-एंड पुन्हा सुरू करा, साडेतीनपर्यंत सगळे वर असतील." ते काही सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी शाखा उघडतील ना?" उघडल्या.

पण रात्र तिथे संपली नाही. एक, तीन आणि सात मी नुसते रीस्टार्ट केले होते. पाच काही केल्या दाद देईना म्हणून तो पूर्ण बंद केला आणि प्रोफाइलवरून, म्हणजे एचएमसीत साठवलेल्या त्याच्या रचनेवरून, नव्याने चालू केला. तो उठला, डेटाबेस चालू झाला, सगळे खूश. आता पोळलेली होते म्हणून प्रत्येक एलपारवर जाऊन मी पाथ मोजत होते, बोटांवर. बाकी सगळीकडे डेटाच्या एकेका डिस्कला आठ पाथ. पाचवर चार.

याचं कारण समजायला सकाळ झाली. पाच नंबरला दुसऱ्या व्हीआयओकडचा व्हर्च्युअल फायबर अडॅप्टर मी सुरुवातीला विसरले होते आणि नंतर एलपार चालू असतानाच जोडला होता. जोडताना एचएमसी त्याला डब्ल्यूडब्ल्यूपीएनची, म्हणजे फायबर नेटवर्कवरच्या ओळख नंबरांची, एक जोडी देतं, सी०५०७ ने सुरू होणारी. तीच स्टोरेजवाल्याने झोनमध्ये, म्हणजे फायबर स्विचच्या परवानगीच्या यादीत, घातली. मग मी शहाणपणा करून प्रोफाइलमध्येही तो अडॅप्टर हाताने टाकला, आणि एचएमसीने त्याला वेगळीच, ताजी जोडी दिली. चालू एलपारला जुनी, प्रोफाइलमध्ये नवीन. रीस्टार्टमध्ये प्रोफाइल वाचलं जात नाही, त्यामुळे आठ महिने काही कळलं नाही. प्रोफाइलवरून उठल्याबरोबर एलपार असा नंबर घेऊन स्विचच्या दारात उभा राहिला, जो दरवानाच्या यादीत नव्हता. करायचं एवढंच होतं की चालू कॉन्फिगरेशनच प्रोफाइलमध्ये सेव्ह करायचं. स्टोरेजवाला सकाळी आठला आला, मी त्याच्यासाठी पोहे घेऊन ठेवले होते. झोन बदलायला त्याला दहा मिनिटं लागली, पोह्यांना वीस.

एक एलपार अर्ध्या पाथवर चालला तरी वरून कुणालाच काही जाणवत नाही, हे मला जास्त लागलं. दुहेरी व्यवस्था मोडकेपण झाकून ठेवते. एकच व्हीआयओ होता तेव्हा काही बिघडलं की लगेच बोंब व्हायची.

पुढच्या आठवड्यात मी सातही एलपारांवर हेल्थ चेक इंटरव्हल साठ केला. चालू रूटव्हीजीवर तो लगेच लागत नाही, नोंदवून ठेवायचा आणि रीबूट करायचा. व्हीस्कझी अडॅप्टरवर पाथ टाइमआउट तीस, एरर रिकव्हरी फास्ट-फेल, म्हणजे व्हीआयओ नुसता गुंगीत गेला तरी एलपार ताटकळत बसणार नाही. अपडेटच्या यादीत एक पान वाढवलं: दुसऱ्या व्हीआयओला हात लावण्याआधी प्रत्येक एलपारवरचे पाथ मोजायचे, एलपारमध्ये शिरून. व्हीआयओवरून दिसणारं हिरवं चालणार नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा रात्रीची परवानगी मिळाली. यावेळी मधे कुठलाही रीबूट नाही, हे मेलमध्ये जाड अक्षरात. पहिला व्हीआयओ बंद केला. पोराने एक नंबरवर एलएसपाथ दर पाच सेकंदांनी फिरत ठेवला होता. व्हीस्कझी शून्य फेल्ड झाला. व्हीआयओ उठायला बारा मिनिटं घेतली, तोवर आम्ही दोघं त्या एका शब्दाकडे बघत बसलो. व्हीआयओ उठला. शब्द तसाच. पोरगा घड्याळ बघायला लागला.

"मॅडम, चाळीस सेकंद."

"थांब."

एक नंबरवर शब्द बदलला. एनेबल्ड. त्याने तीनची खिडकी पुढे आणली. तिथेही. पाच, सात.

"आता दुसरा टाकू?" त्याचं बोट एंटरवर होतं.

"आधी पाच नंबरचे मोज," मी म्हटलं. "मोठ्याने."

तो मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात. आठ.